दोन गाठी, घराणं एक की दोन?

समजा, सोनिवलीतला एखादा रुग्ण बदलापूरहून लोकल पकडून परळच्या टाटा रुग्णालयात पोहोचला. सीटी स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसात एक गाठ दिसली, डाव्यात दुसरी. दोन्हींचे तुकडे तपासले, दोन्ही ॲडेनोकार्सिनोमा, म्हणजे कर्करोगाचा एकच प्रकार. आता दुसरी गाठ पहिलीतूनच पसरली, की आपली आपण उगवली? पसरलेली असेल, तर आजार थेट चौथ्या टप्प्यातला. स्वतंत्र असेल, तर कदाचित दोन्ही पहिल्याच टप्प्यातल्या आणि शस्त्रक्रियेने बऱ्या होण्याजोग्या. फिल्म मात्र तीच!

१९७५ मध्ये मार्टिनी आणि मेलामेड या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी यासाठी ठोकताळे मांडले. पेशींचा प्रकार वेगळा, तर गाठी वेगळ्या. प्रकार एकच असेल, तर दोन गाठींमध्ये किती काळ गेला, वाटेतल्या लसिकाग्रंथींत रोग शिरलाय का, हे पाहायचं. उपयोगी खरे, पण शेवटी ठोकताळेच.

खरा पुरावा जनुकांत सापडतो. ईजीएफआर नावाच्या जनुकात कधी डीएनएची सलग १५ अक्षरं गळतात, तर कधी २५७३ व्या जागी एकच अक्षर बदलतं, टी चं जी होतं. पेशीला बेलगाम करायला तेवढंच पुरतं. एका गाठीत पहिला बिघाड आणि दुसरीत दुसरा निघाला, तर त्यांची मुळं बहुधा वेगळीच.

पण बिघाड एकच निघाला तर? पुण्याच्या भांडारकर संस्थेत हस्तलिखित पोथ्या ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना अभ्यासकांपुढे असाच पेच होता. सहज होणारी चूक दोन लेखनिक स्वतंत्रपणेही करतात. विचित्र चूक दोन पोथ्यांत जशीच्या तशी आली, तरच मूळ पोथी एक. ईजीएफआरमधले हे बिघाड 'सहज' होणाऱ्यांपैकी आहेत: २०१३ च्या एका अभ्यासात ॲडेनोकार्सिनोमाच्या ९०७ भारतीय रुग्णांपैकी २३ टक्के जणांत या जनुकात बदल आढळले. म्हणून शेकडो जनुकं एकदम वाचतात आणि क्वचित घडणारे बदल दोन्हींकडे जुळतात का, ते बघतात. असे बरेच जुळले, तर दोन्ही गाठी एकाच पेशीच्या वंशातल्या.

तेव्हा डॉक्टरांनी दुसऱ्या गाठीचाही तुकडा मागितला, तर 'एकदा सुई टोचली, आता पुन्हा कशाला?' असं वाटून घेऊ नये. ऑपरेशन करायचं की नाही, हे त्या दुसऱ्या तुकड्यावरही ठरू शकतं.