कबूल म्हणण्याआधी

हिंगोलीच्या छावणीत हरीसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. दुसऱ्या एका व्यापाऱ्याला वाटेत मारून त्याचा माल त्याने चक्क इंग्रज अधिकारी कॅप्टन रेनॉल्ड्सच्या परवान्यावर छावणीत आणला आणि उघड विकला. पकडला गेल्यावर त्याने स्वतःच सांगितले म्हणून हे उजेडात आले. मेडोज टेलरने ठगांवरच्या 1839 च्या कादंबरीच्या प्रस्तावनेत ही हकीकत दिली आहे. ठगांविरुद्धची सारी मोहीमच कबुल्यांवर उभी होती. जो बोलेल तो माफीचा साक्षीदार, त्याचा जीव वाचणार. फास समोर दिसत असताना दिलेली कबुली स्वेच्छेची म्हणायची का, हा प्रश्न या भूमीत इतका जुना आहे.

पुढे निजामाच्या कोर्टांत कारभार उर्दूत चाले. कळमनुरी-सेनगावकडच्या मराठी शेतकऱ्याने ऐकलेला आरोप त्याला कितपत उमगत असेल? निजामाचे राज्य संपल्यावर, 1948 नंतर, हे बदलले. 1951 मध्ये फौजदारी प्रक्रिया संहिता हैदराबाद राज्याला लागू झाली. आरोप नुसता वाचून भागत नाही, तो आरोपीला समजावून सांगावा लागतो, हे तिचे तत्त्व. 1998 मध्ये महाराष्ट्रातल्या कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी ठरली, आणि पुढच्याच वर्षी, 1 मे 1999 ला, परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला.

पण भाषा कळली म्हणून परिणाम कळतोच असे नाही. ‘कबूल कर, दंड भरून सुटशील,’ या सल्ल्याचे काय होऊ शकते, ते मुरलीधर मेघराज लोया यांच्या खटल्यात दिसले. खुरासणी तेलातल्या भेसळीचा गुन्हा कबूल झाला, खालच्या कोर्टाने किरकोळ शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने ती वाढवून तुरुंगवास केला. 1976 मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी अशा सौद्यांवर कडक टीका केली. कासमभाई खटल्यात 1980 मध्ये न्यायमूर्ती भगवती त्याही पुढे गेले: आमिष दाखवून घेतलेल्या कबुलीवरची शिक्षा घटनाबाह्य. माझ्या मते या साऱ्या प्रवासातला हाच सर्वांत मोलाचा निकाल.

तरीही 5 जुलै 2006 पासून मर्यादित गुन्ह्यांसाठी शिक्षेच्या तडजोडीची तरतूद आली. तिच्यात एक गोष्ट चांगली आहे. अर्ज स्वेच्छेने केला का, हे न्यायाधीशाने आरोपीला एकट्याला, दुसऱ्या पक्षाच्या अनुपस्थितीत विचारायचे असते. साध्या कबुलीला इतके संरक्षण नाही.

न्यायाधीशाने घाई न केल्याचे ठळक उदाहरण मुंबईचे आहे. 20 जुलै 2009 ला मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यातला आरोपी कसाब याने अचानक गुन्हा कबूल केला. साऱ्या देशाला निकाल हवा होता. न्यायाधीश ताहिलयानी यांनी मात्र ती कबुली अर्धवट ठरवून फक्त नोंदीवर घेतली आणि खटला पुढे चालवला. 2010 च्या मे महिन्यात शिक्षा झाली, ती पुराव्याच्या आधारावर. इतक्या भीषण गुन्ह्यात जी काळजी घेतली गेली, ती मोटारवाहन किंवा दारूबंदीच्या खटल्यातल्या मजुराच्या वाट्याला का येऊ नये?

कबुलीवर दोषी ठरलेल्याला दोषसिद्धीविरुद्ध सहसा अपील करता येत नाही. शिक्षा किती आणि कायदेशीर का, एवढ्यावरच दाद मागता येते. हे किती आरोपींना आधी सांगितले जाते? 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या संहितेने तडजोडीच्या अर्जाला दोषारोप ठेवल्यापासून 30 दिवसांची मुदत घातली आहे. ऊसतोडीला गेलेल्या माणसाचा वकील त्या मुदतीत त्याला गाठू शकेल का, हे आता तालुक्याच्या कोर्टांत कळेल. तोवर प्रत्येक कबुलीखाली आरोपीचे उत्तर त्याच्याच शब्दांत लिहिलेले असावे आणि अपिलाची अडचण त्याला सांगितल्याची नोंदही असावी.