अठराला अठरा, की चोवीसला चोवीस?

सहा रेणू कार्बन डायऑक्साइड, सहा रेणू पाणी. उन्हाच्या जोरावर त्यांचा एक रेणू ग्लुकोज आणि सहा रेणू ऑक्सिजन. शाळेत पाठ केलेलं प्रकाशसंश्लेषणाचं हे समीकरण एकदा अणू मोजून बघाच. डावीकडे कार्बन ६, हायड्रोजन १२, ऑक्सिजन १२ अधिक ६, म्हणजे १८. उजवीकडे कार्बन ६, हायड्रोजन १२, ऑक्सिजन ग्लुकोजमधला ६ आणि सुटा १२. अठराला अठरा!

वजनही जुळतं. २६४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि १०८ ग्रॅम पाणी मिळून ३७२. तिकडे १८० ग्रॅम ग्लुकोज, १९२ ग्रॅम ऑक्सिजन. पुन्हा ३७२.

असं समीकरण जुळवताना कार्बनपासून सुरुवात करा, ऑक्सिजन शेवटी ठेवा. आणि सूत्राच्या पायाशी लिहिलेल्या बारीक आकड्याला अजिबात हात लावू नका. पाण्यातल्या ऑक्सिजनखाली २ लिहिला, की त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड झालंच.

आता उसाकडे वळू. साखरेच्या एका रेणूसाठी १२ कार्बन डायऑक्साइड आणि ११ पाणी लागतं, सुटतात १२ ऑक्सिजन. म्हणजे डब्यातल्या किलोभर साखरेमागे उसाने हवेतून सुमारे दीड किलो कार्बन डायऑक्साइड ओढून घेतलाय. साखरेतला सगळा कार्बन हवेतला, जमिनीतला नव्हे!

बेल्जियमच्या फान हेल्मोंटला हे उमगलं नव्हतं. त्याने २०० पौंड कोरड्या मातीत ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं त्याला फक्त पाणी घातलं. झाड १६९ पौंडांचं झालं, माती घटली जेमतेम दोन औंस. झाड पाण्याचंच बनतं, असं त्याने ठरवलं. ‘गॅस’ हा शब्द जगाला देणारा माणूस हाच, आणि झाडाच्या हिशेबात नेमका वायूच सुटला.

मला सर्वांत आवडते ती पुढची गोष्ट. सुटणारा ऑक्सिजन कुणाचा, पाण्याचा की कार्बन डायऑक्साइडचा? हे नुसतं मोजून कळत नाही, कारण सगळे ऑक्सिजन सारखेच. मग अणूंवर खूण करायची! १९४१ मध्ये कॅलिफोर्नियात बर्कलीला सॅम्युएल रुबेन, मार्टिन केमेन आणि सहकाऱ्यांनी क्लोरेला या हिरव्या शैवालाला जड ऑक्सिजनचं, म्हणजे ऑक्सिजन-१८ मिसळलेलं, पाणी दिलं. बाहेर पडलेला वायूही तसाच जड निघाला. खूण कार्बन डायऑक्साइडच्या बाजूला केली, तेव्हा वायूत ती उमटली नाही. ऑक्सिजन पाण्याचाच! फान नील या शास्त्रज्ञाने आधीच तसा तर्क केला होता: जांभळे गंधक-जीवाणू पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड वापरतात, आणि त्यांच्याकडून ऑक्सिजनऐवजी गंधक निघतं.

पण मग शाळेतल्या समीकरणाचं काय? सुटणारे अणू १२ आणि सहा पाण्यांत ऑक्सिजन सहाच! म्हणून पाणी १२ रेणू घ्यावं लागतं, आणि उजवीकडे ६ रेणू नवं पाणी लिहावं लागतं. आता मोजा: डावीकडे १२ आणि १२, उजवीकडे ६, १२ आणि ६. चोवीसला चोवीस.

आणि कार्बन डायऑक्साइडचे १२ ऑक्सिजन? सहा ग्लुकोजमध्ये, सहा त्या नव्या पाण्यात.