काळं, पांढरं आणि चार फूट अकरा इंच

प्लेसमेंटची नोटीस लागली, की आमच्या मजल्यावर एकच आवाज ऐकू येतो, "अगं, तुझा पांढरा शर्ट देतेस का?" मीही असाच उसना शर्ट आणि काळी पँट घालून मॉक इंटरव्ह्यूला गेले. बाह्या बोटांपर्यंत, पँट खाली चार वेळा दुमडलेली. सर प्रश्न विचारत होते आणि माझं सगळं लक्ष बाह्या वर करण्यात! येत असलेलं उत्तरसुद्धा चुकलं. त्या दिवशी ठरवलं, हा प्रॉब्लेम इंजिनिअरसारखा सोडवायचा.

पहिली गोष्ट, चूक आपल्या उंचीची नाही. अमेरिकन कंपन्या साधारण ५ फूट ४ इंचांपर्यंतच्या बायकांसाठी 'पेटीट' नावाची वेगळी मापं काढतात. भारतीय स्त्रीची सरासरी उंची आहे १५२ सें.मी.च्या आसपास, म्हणजे जेमतेम ५ फूट. तेव्हा मैत्रिणींनो, आपण बुटक्या नाही, आपण 'अ‍ॅव्हरेज' आहोत!

आता थोडं फिजिक्स. काळ्यावरचा पांढरा चौकोन तेवढ्याच मापाच्या पांढऱ्यावरच्या काळ्या चौकोनापेक्षा मोठा दिसतो. याला इरॅडिएशन म्हणतात. म्हणून ढगळ पांढरा शर्ट आपल्याला आणखी रुंद करतो. शिवाय काळं आणि पांढरं जिथे भेटतं, तिथे नजर थांबते. शर्ट बाहेर सोडला, की ती रेघ मांड्यांवर येते, शरीराचे दोन सारखे तुकडे होतात आणि पाय आखूड दिसतात. शर्ट आत खोचा, पँट कमरेवर बसणारी घ्या. रेघ वर सरकते, पाय लांब दिसतात. बेल्ट आणि बूटही काळेच ठेवा, म्हणजे कमरेपासून टाचेपर्यंत रंग कुठे तुटत नाही.

उभ्या रेघांनी उंच दिसतं, असं सगळ्या आत्या-मावश्या सांगतात. पण हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच दाखवलं, की आडव्या रेघांनी भरलेला चौकोन उलट उंच आणि अरुंद वाटतो! २०११ मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी कपड्यांच्या चित्रांवर हेच तपासलं. आडव्या रेघांनी माणूस जाड दिसत नाही, असंच निघालं. तेव्हा रेघांच्या मागे लागू नका, फिटिंगच्या मागे लागा.

खरेदी करताना आधी खांदा बघा. शिवण खांद्याच्या हाडावर बसली पाहिजे. बाही, लांबी, कंबर टेलर सहज कमी करून देतो. खांदा उसवून बसवणं किचकट असतं. पँटची उंची इंटरव्ह्यूला घालणार तेच बूट घालून मोजायची. पांढऱ्याच्या आत पांढरं नाही, अंगाच्या रंगाचं घाला, ते दिसत नाही.

पँट नको असेल तर काळा कुडता, काळी सलवार आणि एका खांद्यावर पिन केलेली पांढरी ओढणी. ती सरळ खाली सोडली, की आपोआप एक उभी पट्टी तयार होते. पांढरा कुडता आणि काळी सलवार घातलीत तर कुडता गुडघ्याच्या वर असू द्या.

आणि काळं-पांढरं म्हणजे फक्त ऑफिस असं नाही हं! संक्रांतीची चंद्रकळा आठवा. काळी साडी, त्यावर हलव्याचे पांढरेशुभ्र दागिने. आपल्या आज्यांना हे कॉम्बिनेशन केव्हापासून ठाऊक आहे. आपल्यासारखीने नेसायची तर काठ बारीक निवडावेत. रुंद काठ पायाची बरीच उंची खाऊन टाकतो.

शेवटी हॉस्टेलचा नियम नंबर एक : काळं आणि पांढरं एका बादलीत कधीच भिजवू नका. नवीन काळी पँट रंग सोडते, आणि मग पांढऱ्या शर्टाचा जो रंग होतो त्याला नाव नाही! काळे कपडे उलटे करून सावलीत वाळवा, म्हणजे विटत नाहीत.

पुढच्या मॉकला मी माझ्या मापाचा शर्ट घालून गेले. प्रश्न तितकेच अवघड होते. पण या वेळी हात टेबलावर होते, बाह्यांशी भांडत नव्हते. कपड्यांकडून मला एवढंच हवं होतं, की इंटरव्ह्यूत त्यांची आठवणच येऊ नये.