थंड पाण्यातला पांढरा मासा

४ अंश सेल्सिअस तापमानाला पाणी सर्वांत जड असते, हे वाक्य तुम्ही परीक्षेसाठी पाठ करता आणि परीक्षा संपली की विसरता. उत्तर अमेरिकेतल्या लेक व्हाइटफिश या माशाचे सारे आयुष्य मात्र या वाक्याच्या आधारावर चालते.

अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमाभागात पाच विशाल सरोवरे आहेत. हिमयुगाच्या अखेरीस हिमनद्या मागे सरकल्या, तेव्हा ती तयार झाली. त्यांतले सुपीरियर सुमारे ८२,००० चौरस किलोमीटर पसरलेले आणि ४०६ मीटरपर्यंत खोल आहे. हिवाळ्यात वरचे पाणी गोठते, पण तळाशी ४ अंशांच्या आसपासचे पाणी राहते. उन्हाळ्यात वरचे पाणी तापले तरी तळ थंडच असतो. म्हणून हा मासा उन्हाळ्यात खोल जातो.

तो सॅल्मनच्या कुळातला आहे. पाठीवर शेपटीजवळ काट्यांशिवायचा एक छोटा मांसल पर असतो, ती या कुळाची खूण. तोंड लहान आणि खालच्या बाजूला, अर्थात तळावरचे अन्न टिपण्यास सोयीचे. बाजारात कॉड, हॅडॉक अशा समुद्री माशांनाही ‘व्हाइटफिश’ म्हणतात. त्यांचा याच्याशी संबंध नाही. तिथल्या अनिशिनाबे आदिवासींनी याला ‘अडिकमेग’ म्हणजे पाण्यातले हरीण असे नाव दिले आहे. हे नाव मला जास्त आवडते, कारण पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या आधारावर घर चालले, ते त्यात दिसते.

नोव्हेंबरच्या सुमारास पाणी गार झाले की हे मासे उथळ, खडकाळ जागी येतात. घरटे नाही, राखण नाही. रात्रीच्या वेळी मादी हजारो अंडी सोडते आणि ती दगडांच्या फटींत पडतात. वर बर्फ धरतो. तो अंड्यांना गोठवत नाही, उलट वादळी लाटांपासून सांभाळतो. ज्या वर्षी बर्फ कमी धरतो, त्या वर्षी लाटा अंडी उधळून लावू शकतात. वसंतात सव्वा सेंटिमीटरच्या आसपास लांबीची पिल्ले बाहेर पडतात, आणि त्यांना लगेच सूक्ष्म प्राणिप्लवक खायला लागतात. इथेच आता गाडी अडली आहे.

१९८० च्या दशकात काळ्या समुद्राच्या परिसरातले झेब्रा आणि क्वागा नावाचे शिंपले मालवाहू जहाजांच्या तोल सांभाळण्यासाठी भरलेल्या पाण्यातून या सरोवरांत आले. झेब्रा शिंपला १९८८ मध्ये आढळला, क्वागा त्याच्या पुढच्या वर्षी. शिंपला नखाएवढा, पण दिवसाला सुमारे एक लिटर पाणी गाळतो, आणि असे अब्जावधी शिंपले! क्वागा तर थंड, खोल, चिखलाच्या तळावरही पसरतो. त्यांनी वनस्पतिप्लवक गाळून खाल्ले, मग त्यावर जगणारे प्राणिप्लवक घटले आणि पिल्ले उपाशी राहू लागली. मोठ्या माशांचे आवडते खाद्य डिपोरिया हा कोळंबीचा दूरचा, जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा, चरबीने भरलेला नातेवाईक. तोही मिशिगन, ह्युरॉन आणि ओंटारियो सरोवरांच्या बहुतेक भागांतून नाहीसा झाला.

पालकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. आज मिशिगन सरोवराचे पाणी पूर्वीपेक्षा कितीतरी नितळ दिसते. पाहणाऱ्याला वाटते, वा, काय स्वच्छ पाणी! पण ते पाणी उपाशी आहे. मिशिगन आणि ह्युरॉनच्या मोठ्या भागांत जाळ्यात बहुतांश म्हातारे मासेच येतात. हा मासा वीस वर्षांहून अधिक जगू शकतो, त्यामुळे पिल्ले मरत असूनही मासेमारी काही वर्षे बरी चालली आणि संकट उशिरा लक्षात आले.

सुपीरियरमध्ये परिस्थिती बरी आहे. त्याच्या पाण्यात कॅल्शियम कमी असल्याने शिंपल्यांना कवच बनवणे जड जाते. मिशिगनच्याच ग्रीन बे या उपसागरात नद्या पोषक द्रव्ये आणतात, म्हणून तिथे पिल्लांना खायला मिळते. काही आदिवासी जमाती आता अंडी गोळा करून, तळ्यांत पिल्ले थोडी मोठी करून सरोवरात सोडत आहेत. ती पिल्ले मोठी होऊन त्याच खडकांवर अंडी घालायला येतात का, याकडे त्यांचे डोळे लागले आहेत.