कुत्र्याची खाज : ओळख आणि उपाय

पावसाळ्यात काशीदसारख्या किनाऱ्यावरच्या गावी घरच कोरडे राहत नाही. मग पडवीतल्या कुत्र्याचे अंग कोठून राहणार? ते खाजवू लागले की आम्ही ‘लूत लागली’ म्हणून मोकळे होतो आणि रॉकेल नाही तर गाडीचे जळके तेल चोपडतो. परंतु खाज हे केवळ लक्षण होय. रोग कोणता, हे पुष्कळदा तिची जागा सुचवते.

शेपटीच्या मुळाशी खाज असेल तर पिसवांचा संशय घ्यावा. तेथले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाकावेत. तांबूस डाग उमटला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त. कानांच्या कडा व पायांची कोपरे खरबडली असतील तर ती बहुधा खरी लूत. तिचा सूक्ष्म परजीवी कातडीत बिळे करतो आणि कुत्र्याला कवटाळणाऱ्या मुलांच्या अंगावरही पुरळ उठवतो. कोंडा सुटलेला वाटोळा चट्टा बुरशीचा असू शकतो. तोही माणसास लागतो.

प्रत्येकाचे औषध वेगळे. रॉकेलाने कातडी भाजते. शिवाय कुत्रे अंग चाटते, तेव्हा ते विष पोटात जाते. म्हणून पशुवैद्याकडून कातडी खरवडून तपासून घ्यावी, कुत्र्याचे अंथरूण कढत पाण्यात धुवावे, आणि समुद्रात डुंबून आलेल्या कुत्र्यास गोड्या पाण्याने धुऊन कोरडे पुसावे. उरलेले औषध मांजरास मात्र लावू नये. कुत्र्यांच्या काही औषधांतील पर्मेथ्रिन मांजराचा जीव घेते.