डिजिटल भूरूप: पडद्यावरचे सगळेच खरे नसते

रस्ता असो, शेततळे असो की गृहप्रकल्प. हल्ली पहिले फावडे पडण्याआधी जमिनीचे चढउतार संगणकावर उभे राहतात. यालाच डिजिटल भूरूप प्रारूप, म्हणजे डीटीएम म्हणतात. कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील एमआयटीमध्ये चार्ल्स मिलर आणि रॉबर्ट लाफ्लाम यांनी १९५८ मध्ये महामार्गाच्या आखणीसाठी ती मांडली. साधन रुळले, तसे त्याभोवतीचे गैरसमजही रुळले.

गैरसमज: पडद्यावर दिसते ती हुबेहूब जमीन.

वस्तुस्थिती: सॉफ्टवेअरला ठाऊक असतात ते फक्त मोजलेले बिंदू. मधली जमीन ते हिशोबाने भरते. शेजारचे बिंदू जोडून त्रिकोणांचे जाळे विणले जाते. त्याचा नियम सोव्हिएत गणिती बोरिस देलोने यांनी १९३४ मध्ये मांडला. प्रत्येक त्रिकोण सपाट धरला जातो. त्यामुळे बिंदूंमधला खड्डा मोजला नसेल, तर प्रारूपात तो नसतोच.

गैरसमज: बिंदू जितके जास्त, तितके काम चोख.

वस्तुस्थिती: बिंदू कुठे घेतले, हे संख्येइतकेच महत्त्वाचे. ओढ्याच्या दोन्ही काठांवर शेकडो बिंदू घेतले, पण तळाची सलग रेघ दिली नाही, तर काही त्रिकोण या काठावरून थेट त्या काठावर जातात. मग पडद्यावर ओढ्यात नसलेला बांध उभा राहतो आणि पाणी अडल्याचे दिसते. म्हणून ओढ्याचा तळ, बांधाचा माथा आणि पायथा, रस्त्याची कड इथे ‘ब्रेकलाइन’ द्यावी लागते. त्रिकोण तिला ओलांडत नाहीत. सपाट माळावर मात्र थोडे बिंदूही पुरतात.

गैरसमज: ड्रोन उडवला की जमिनीची उंची मिळाली.

वस्तुस्थिती: कॅमेऱ्याला वरून जे दिसते, त्याचीच उंची मिळते. उभ्या उसात शेंड्यांची, वस्तीत छपरांची. ते पृष्ठभागाचे प्रारूप झाले, म्हणजे डीएसएम. झाडे-घरे गाळल्यावर उरते ते डीटीएम. लायडारचे लेसर किरण पानांच्या फटींतून खाली पोचतात, पण पीक दाट असेल तर त्यांनाही मर्यादा येते. तळ्याचा तळ नेहमीच्या लायडारला दिसत नाही; तिथे ध्वनिलहरींनी खोली मोजणारा एको साउंडर लागतो. अवकाशातून घेतलेल्या, फुकट मिळणाऱ्या माहितीचेही तेच. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर या अवकाशयानाने रडारने घेतलेली एसआरटीएम या मोहिमेची उंची दाट जंगलात जमिनीच्या वरची असते.

गैरसमज: जीपीएसची उंची म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची.

वस्तुस्थिती: उपग्रहावरून मिळणारी उंची पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून मोजलेली असते. भारतात समुद्रसपाटी या लंबगोलाच्या बरीच खाली आहे. त्यामुळे मुंबईच्या किनाऱ्यावर रूपांतर न करता रोव्हर, म्हणजे सर्वेक्षकाचा फिरता जीपीएस रिसीव्हर वाचला, तर उंची चक्क उणे दिसते. फरक सुमारे ६० ते ७० मीटरचा. आपल्याकडच्या जुन्या बेंचमार्कांची, म्हणजे उंची ठरवून दिलेल्या खुणांची समुद्रसपाटी भारतीय सर्वेक्षण विभागाने नऊ बंदरांतील भरती-ओहोटीच्या नोंदींवरून १९०९ मध्ये ठरवली. दोन्ही उंची एकाच नकाशात मिसळल्या, तर गटाराचा उतारही उलटा निघू शकतो.

गैरसमज: कंटूर जितके जवळ, नकाशा तितका अचूक.

वस्तुस्थिती: सॉफ्टवेअरला सांगाल त्या अंतरावर ते कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा काढून देते. मूळ मोजणीत अर्ध्या मीटरची चूक असली, तरी १० सेंटिमीटरचे कंटूर सुबकच दिसतात. चूक बिलात उतरते. एका हेक्टरवर उंची सरासरी १० सेंटिमीटरने चुकली, तर कटिंग-भरावाच्या हिशोबात १,००० घनमीटर मातीचा फरक पडतो.

गैरसमज: डीटीएम असले की हद्दीचा वाद मिटला.

वस्तुस्थिती: डीटीएम चढउतार सांगते, मालकी नाही. हद्द कायम करायची तर भूमी अभिलेख विभागाची मोजणीच करून घ्यावी लागते.

म्हणून नकाशा स्वीकारताना सर्वेक्षकाला तीन प्रश्न जरूर विचारा: उंची कोणत्या बेंचमार्कवरून घेतली? ब्रेकलाइन कुठे दिल्या? आणि प्रारूपात न वापरलेल्या बिंदूंवर ते जागेवर तपासले का? उत्तरे लेखी मिळाल्याशिवाय मातीकामाच्या बिलावर सही करू नका.