टिकलीचा आवाज आणि गोळीचा घाव

दिवाळीच्या दिवसांत रेणापूरच्या बाजारात फेरफटका मारावा. फटाक्यांच्या दुकानाशी पोरांचा घोळका असतो आणि बहुतेकांच्या हातात टिकल्यांचे पिस्तूल असते. एक जण ‘ठो’ करतो, दुसरा छातीवर हात ठेवून धुळीत लोळण घेतो आणि लगेच उठून आपला डाव मागतो. मेलेला पुन्हा उठतो, म्हणूनच तो खेळ! खरी बंदूक या मुलांनी पाहिली असली, तर ती पोलिसाच्या खांद्यावर. हे त्यांचे केवढे भाग्य!

त्यांच्या आजोबा-पणजोबांच्या वाट्याला ते आले नव्हते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली. तोवर मराठवाड्यातल्या गावोगावी रझाकारांच्या बंदुकांची दहशत होती. कित्येक कुटुंबे मुलेबाळे घेऊन सरहद्दीपलीकडे बार्शी-सोलापूरच्या आश्रयाला गेली होती.

सरहद्दीपलीकडच्या इंग्रजी मुलखात तरी बंदुकीने पोरवय कोठे ओळखले होते? ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती धारातीर्थी पडले. शिरीषकुमारला सोळावे वर्षही पुरे झाले नव्हते. त्याच्या हौतात्म्यापुढे आपण मस्तक नमवतो. पण रिकाम्या दप्तराकडे पाहणाऱ्या आईचे दुःख स्मारकाने हलके होत नाही.

स्वराज्यातही हे संकट टळले नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर नऊ वर्षांची देविका रोटावन वडील आणि भावाबरोबर पुण्याच्या गाडीसाठी थांबली होती. अतिरेक्याची गोळी तिच्या पायात घुसली. पुढे शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या. २००९ साली कुबड्या घेऊन ती न्यायालयात आली आणि तिने कसाबला ओळखले. तिच्या धैर्याचे कौतुक साऱ्या देशाने केले. परंतु गोळीचा आवाज क्षणाचा आणि घाव वर्षानुवर्षांचा, हे तिच्या बालपणाने भोगले.

तेव्हा रझाकार, परकी सत्ता आणि अतिरेकी यांचाच हा दोष, असे कोणी म्हणेल. अमेरिकेकडे पाहावे. तेथे ना रझाकार, ना परकी सत्ता. पण माणसांपेक्षा बंदुका अधिक! २०२० सालापासून तेथल्या १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांच्या मृत्यूच्या कारणांत बंदुकीने मोटार अपघातांनाही मागे टाकले आहे. १४ डिसेंबर २०१२ रोजी सँडी हूकच्या शाळेत सहा-सात वर्षांची २० बालके मारली गेली. यांतले कित्येक मृत्यू तर वैरातून नव्हे, घरच्याच कपाटातल्या भरलेल्या पिस्तुलातून येतात. आपले कितीतरी मराठी संसार आज तेथे आहेत. त्यांची मुले पाढ्यांबरोबर वर्गातला दिवा मालवून मुकाट लपून बसण्याचाही सराव करतात.

सारांश, मुलाचे खरे कवच म्हणजे त्याच्यातले आणि बंदुकीतले अंतर. आपल्याकडे हे अंतर १९५९ च्या शस्त्र कायद्याने राखले आहे. परवान्यावाचून बंदूक नाही आणि २१ वर्षे पुरी होईपर्यंत सामान्यतः परवानाही नाही. वरातीत हौसेने गोळ्या झाडून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद वा लाखापर्यंत दंड सांगितला आहे. आणि का सांगू नये? आकाशात झाडलेली गोळी आकाशात राहत नाही. ती कोणाच्या तरी अंगणात उतरते.

पण कायदा उंबऱ्यापर्यंतच येतो. ज्या घरी परवान्याची बंदूक आहे, तेथे ती रिकामी करून कुलपात ठेवावी आणि काडतुसे निराळ्या कुलपात. मुलांना एवढेच शिकवावे, की बंदूक दिसली तर हात लावायचा नाही, तेथून निघायचे आणि मोठ्या माणसाला सांगायचे. आणि पिस्तुलासह छायाचित्र काढून मिरवणाऱ्या तरुणाला ‘वाघ’ म्हणण्याआधी वडीलधाऱ्यांनी थोडे थांबावे. ते शब्द शेजारी उभे असलेले पोर ऐकत असते.